जळो म्हटलं म्हणून

राजेगाव
१९ डिसेंबर १९६१

चिरंजीव प्रेमलाल भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. तो तुम्हाला द्यायचा की परत घ्यायचा, हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुम्ही गेलात त्याच सकाळी आपलं पुंजणं जळालं. ही बातमी तुम्हाला आतापर्यंत कळली असेल, किंवा कळायची गरजही पडली नसेल. सगळ्या बांधीतलं धान कापून, पेंढ्या बांधून, खळ्यात रचून ठेवलं होतं. आठवडाभरात मळणी लागायची होती. सूर्य कासराभर वर आला असेल, मी पंधरा दिवसांच्या पोरीला तेल लावत होते, तर बाहेर शेजारचा तेजराम ओरडला, "डोमा, अरे पुंजणं पेटलं!" यांचा दातवणाचा तुकडा तसाच तोंडात, आणि हे धावत सुटले. नाल्यातून पाणी आणेपर्यंत पुंजणं, शेजारचा तणसाचा ढीग, विटांच्या भट्टीसाठी साठवलेला भुसा, सगळं एक झालं होतं. एक पेंढी हाती लागली नाही. हे खळ्याच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे रडले. तुमच्या दादाला रडताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

आता मुद्द्याचं लिहिते. आदल्या दिवशी तुमचं आणि यांचं जे झालं ते अर्ध्या गावानं ऐकलं आहे. तुम्ही म्हणालात, नैनपूरच्या रेल्वेत इंजिनावर जागा मिळाली, मी चाललो. हे म्हणाले, "घरची शेती सोडून लोकाच्या चुलीत कोळसा टाकाले चालला का बे?" त्यावर तुम्ही अंगणात उभं राहून काय म्हणालात? "जळो तुमची शेती आन् जळो तुमचं धान!" माझ्या कानांनी ऐकलं. विमलाबाईनं तिच्या अंगणातून ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही रस्त्यानं न जाता खळ्याच्या वाटेनं मोटारीकडे गेलात, तोंडात पेटलेली विडी होती, हे तेजरामनं पाहिलं.

जळो म्हटलं म्हणून काही जळत नाही, हे मलाही कळतं. मी स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणते. चूल पेटली नाही तर जळो ती चूल, दूध नासलं तर जळो ते दूध. पण माझ्या म्हणण्यानंतर कधी कोणाचं घर पेटलेलं नाही.

ठाणेदार खळ्यावर येऊन गेले. यांना विचारलं, "किसी पर शक है?" हे म्हणाले, "सोच के बताता हूँ साहब." घरी येऊन नाव द्यायला निघाले होते, मी अडवलं. म्हटलं, आधी त्याला विचारू. तेव्हा हे पत्र म्हणजे विचारणं आहे असं समजा. विडी कुठे टाकली? खळ्याच्या वाटेनं का गेलात? कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. उत्तर लगेच पाठवा.

आणि हो, तुमचा रेल्वेचा अर्ज कोणाच्या हस्ताक्षरात होता, ते यांना अजून ठाऊक नाही. तुम्हीही कोणाला सांगू नका. मी तुम्हाला इंजिनावर पाठवायला मदत केली, घर पेटवायला नाही.

पोरीचं नाव पुष्पलता ठेवलं. सासूबाई बोलत नाहीत, जेवत नाहीत.

तुमची वहिनी,
अनुसया


राजेगाव
८ जानेवारी १९६२

चि. प्रेमलाल भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही, टोपी आली. तेजराम बैल बघायला तिकडे आला होता, त्याच्या हाती पाठवलीत. लाल लोकरीची, वर गोंडा. दिसायला चांगली आहे. मी त्याला विचारलं, "आन् चिठ्ठी?" तर म्हणतो, "चिठ्ठी नाही दिली. फकत म्हणे, पोरीले थंडी लागू देऊ नोका."

वर्षाचं धान जळालं त्याबद्दल अवाक्षर नाही आणि पोरीला थंडी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ज्याला काही टोचत असतं तोच न मागता वस्तू पाठवतो. टोपी मी आढ्याला खोचून ठेवली आहे. पोरीच्या डोक्याला लागू दिली नाही, दिवसभर डोकं माझ्या पदराखाली असतं तिचं.

आपल्याकडे सध्या काय चाललंय ते ऐका, म्हणजे तिकडे भाकरी गोड लागेल. माझ्या भावानं लामत्याहून धानाची दोन पोती पाठवली, त्यावर चाललं आहे. हे तांदूळ तोंडात घालतात आणि म्हणतात, "सासऱ्याचं खाऊन राह्यलो आता." धानाच्या गावात धानवाल्याच्या घरी माहेरचा तांदूळ शिजतो, त्याची लाज यांना पुंजण्यापेक्षा जास्त आहे. शेजारचे येतात, बसतात, "काय दिवस आले डोमाजी" म्हणतात आणि जाताना विचारतात, "मंग प्रेमलालचं काई पत्र?" पत्राची चौकशी कोणाला हवी आहे इथे. बघायचं असतं, तोंड कसं होतं ते.

आता एक गोष्ट सांगते, बसून वाचा. तुम्हाला पुंजण्यात विडी टाकताना एका माणसानं पाहिलं आहे. नाव आत्ता लिहीत नाही. तो ठाण्यात सांगायला तयार आहे. मी त्याला थांबवून ठेवलं आहे. तुम्ही मला खरं लिहिलंत तर मी त्याला कायमचा गप्प करीन. लिहिलं नाहीत तर माझाही इलाज नाही.

तुमची वहिनी,
अनुसया


राजेगाव
२७ जानेवारी १९६२

चि. भाऊजी,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. गावाच्या पोस्टमननं वाचून, मग विमलाबाईला वाचून दाखवून, मग मला दिलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तुमचंच लिहिलेलं तुम्हाला पुन्हा ऐकवते, म्हणजे कळेल की त्यात काय नाही:

"वहिनीले नमस्कार. तुमी लिवलं थ्या माणसाले ठाण्यात जाऊ द्या. दादाले माहं नाव द्याचं असल तं देऊ द्या, माही ना नाही. पोरीले सांभाळा. माह्याकडं क्लीनरचं काम हाय, इंजन पुसतो, पुढं फायरमन होईन. इथं रातच्या वेळी इंजनातली आग विझवत नाहीत, कोळशाखाली दाबून ठेवतात. वरून थंडी दिसते, धूर नाही, काई नाही, पण आत चार दिवसबी जित्ती राहते. ड्रायव्हर साहेब तिले स्मोल्डर म्हणते. म्हणे इंग्रजीत मनुष्यालेबी हेच म्हणतात. मी म्हटलं, माही वहिनी तशी हाय. पोरीले सांभाळा. मायले सांभाळा."

वा भाऊजी. मी विचारलं विडी कुठे टाकली आणि तुम्ही मला इंग्रजी शिकवता. आपल्यात त्याला धुमसणं म्हणतात. तणसही धुमसते आणि सासुरवाशीणही धुमसते, त्यासाठी साहेबाकडे जावं लागत नाही. आणि धुमसेन नाही तर काय करीन? तुम्ही केलं नसतं तर एवढं मोठं कार्ड भरून "मी नाही केलं" हे शब्द लिहायला जागा नव्हती का? निर्दोष माणूस ओरडतो, शिव्या देतो, पहिल्या मोटारीनं येऊन माझ्या दारात उभा राहतो. तुम्ही "माही ना नाही" लिहिता. ही कबुली आहे की मस्ती आहे?

साक्षीदाराचं खोटं होतं, ते तुम्हालाही कळलं असणार. म्हणूनच धीट झालात.

कार्ड मी सासूबाईंना वाचून दाखवलं. "पोरीले सांभाळा" आलं तेव्हा त्या उठून परसात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यात." चूल तर घरात होती. मला आता त्यांचाही संशय येऊ लागला आहे. तुमचं त्यांना काही कळवणं आहे का माझ्या पाठीमागे? तुम्हाला जायला त्यांनीच फूस दिली होती का? रोज जळक्या खळ्यावर जाऊन उभ्या राहतात. तिथे काय आहे बघण्यासारखं? राख तर आम्ही केव्हाच शेतात पसरली.

तुमचे दादा कार्ड ऐकून एकच म्हणाले, "दादाले नमस्कार नाही लिवला."

तुमची वहिनी,
अनुसया


राजेगाव
९ फेब्रुवारी १९६२

प्रेमलाल भाऊजी,

अष्टग्रही आली आणि गेली, जग बुडालं नाही. आमच्याकडे बुडायला काही उरलंच नव्हतं. तुमच्या नैनपुरातही हवन झालं असेलच. इथे मारुतीच्या देवळासमोर तीन दिवस चाललं होतं. बालाघाटहून पंडितजी आणले होते. आठ ग्रह एका राशीत म्हटल्यावर गावाला जुनी सगळी दुखणी आठवली. कोणाची म्हैस मेली, कोणाचा पाय मोडला, सगळं पंडितजींच्या पुढे.

आपलं पुंजणं निघणारच होतं. विमलाबाईनंच काढलं, "महाराज, इनका पूरा धान जल गया." पंडितजींनी डोळे मिटले आणि विचारलं, "आग के पहले घर में कोई नया जीव आया था क्या?"

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती. मला आधी समजलंच नाही. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "पोरगी झाली ना याइच्या घरी, लगेच." मी पोरीला पदराखाली ओढलं, भाऊजी. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई उठल्या. दोन महिने ज्यांच्या तोंडून धड दोन शब्द निघाले नव्हते त्या सगळ्या गावासमोर म्हणाल्या:

"नवा जीव काहून पाहता? जुना जीव पाहा. माह्या प्रेमलालनं लावली आग. मी आई हाय त्याची, मी सांगून राह्यली. खरं हाय थे."

पंडितजींनी शांतीसाठी नारळ मागितला आणि पुढच्याची म्हैस ऐकायला घेतली.

मी तर आधीपासून म्हणत होते तुम्हीच केलं. मग त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता, की बघा, माझं खरं निघालं. झाला नाही. आई स्वतःच्या पोराचं नाव असं घेते? मी घरी आल्यावर विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं का?" त्या म्हणाल्या, "हौ." "कधी पाहिलं?" "पाहिलं म्हणते ना." आणि पोरीला माझ्या हातातून घेऊन आत गेल्या. गेल्या दोन महिन्यांत त्यांना तिला अंगणात घेऊन बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. घरात मात्र खाली ठेवत नाहीत. हे काय आहे? तुम्ही सांगाल का?

आता परिणाम ऐका. दुसऱ्या दिवशी हे ठाण्यात नाव द्यायला बालाघाटला गेले. संध्याकाळी परत आले. मी विचारलं, "दिलं?" म्हणाले, "ठाण्यासमोर चहा पेलो. दुसरा पेलो. नाव तोंडातून निघालंच नाही." मग तिथेच बसले आणि म्हणाले, "त्याले मी सायकल शिकवलती त्या रस्त्यावर."

पण समाजाचे लोक एवढे हळवे नाहीत. शिमग्यानंतर आपल्या अंगणात बैठक बसायची आहे. यांच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतील की प्रेमलालशी या घराचा संबंध तुटला. तो गावात पाय ठेवणार नाही, त्याला कोणी मुलगी देणार नाही, आई मेली तरी खांदा द्यायला बोलावणार नाही. यांनी कबूल केलं तर ते कायमचं. तेव्हा आता तरी तोंड उघडा. मला खरं लिहा. खोटं असेल तर खोटं लिहा, पण काहीतरी लिहा.

अनुसया


राजेगाव
२२ मार्च १९६२

भाऊजी,

या पत्राची सुरुवात कशी करावी मला कळत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि का दिलं नाहीत ते मला परवापासून कळलं आहे.

होळी झाली. होळीभोवती पोरांनी बोंबा मारल्या त्यात तुमचंही नाव होतं, ते इथे लिहीत नाही. "जळो म्हणे, जाळून गेला" असं काहीतरी यमक जुळवलं होतं. हे घरात पांघरूण घेऊन पडले होते. सासूबाई कान झाकून बसल्या होत्या.

धुळवडीच्या सकाळी मी रीतीप्रमाणे होळीचा विस्तव घमेल्यात घेऊन आले. घरातली चूल साफ केली, नव्या विस्तवानं पेटवली, आणि जुनी राख टोपलीत काढली. तिच्यात दोनचार निखारे असतील, नसतील. परसात विटांसाठी नव्यानं भुसा आणून टाकला आहे. मी राख त्याच्या कडेला ओतणार, तेवढ्यात सासूबाई धावत आल्या. या वयात मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. टोपली माझ्या हातून हिसकली, निखारे त्यांच्या तळहातावर पडले तरी सोडली नाही, आणि ओरडल्या:

"भुशात नोको टाकू! भुशात नोको! आतल्या आत जळत राहते थे, तीन तीन दिवस, वरून दिसतबी नाही!"

मी त्यांचे हात पाण्यात धरले. धरता धरता विचारलं, "तुमाले कसं ठाऊक?"

भाऊजी, एवढे दिवस मी तुम्हाला शंभर प्रश्न विचारले, हा एक प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

सासूबाई तिथेच परसात बसल्या आणि सगळं सांगितलं. बाराव्याला बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बाहेर काढायची होती. त्या विस्तवावर पाणी टाकत नाहीत. टाकलं तर आईचं दूध आटतं, हे तर आमच्या लामत्यालाही मानतात. जिथे कोणाचा पाय पडणार नाही तिथे नेऊन ठेवायचा, तो आपोआप विझतो. घमेलं गरम म्हणून त्यांनी तुम्हाला उचलायला लावलं. तुम्ही म्हणालात नाल्याच्या काठी नेऊ. त्या म्हणाल्या, पाणी जवळ नको, खळ्यावर भुशाच्या आडोशाला ठेव, वारा लागणार नाही. तुम्ही ठेवलंत. तो विस्तव भुशात शिरला आणि माझ्या दुधाची काळजी घेत तीन दिवस आत आत सरकत राहिला.

मी म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाही? त्याच दिवशी सांगाचं होतं!"

तुमच्या मायनं काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते.

"कोणती आग होती थे सांगू? बाळंतिणीच्या खोलीची? मंग लोक काय म्हणले असते वो? पोरगी जलमली आन् तिच्या शेगडीनं घरचं धान खाल्लं. पांढऱ्या पायाची म्हणले असते. लग्नाच्या वक्तालेबी काढलं असतं. प्रेमलाल मरद हाय, थो कुठंबी जाऊन खाईन. पोरीले कुठं पाठवू?"

"आन् त्याले सांगतलं तुम्ही?"

"काई नाही सांगतलं. तुहं पयलं पत्र वाचलं आन् समजला असन थो. समजदार हाय माहा पोरगा."

मग त्या रडल्या, भाऊजी. म्हणाल्या, देवळासमोर त्याचं नाव घेतलं तेव्हा जीभ जळाली. मला राग यायला हवा होता, आला. पोराला असं विकलं म्हणून आला, मला न सांगता माझ्या पोरीसाठी विकलं म्हणून आणखी आला. आणि मग त्यांचे फोड आलेले तळवे बघून मीही रडले.

तुमचं पोस्टकार्ड काढून पुन्हा वाचलं. वरून थंडी दिसते, धूर नाही, पण आत चार दिवसबी जित्ती राहते. तुम्ही सगळं लिहिलंच होतं. मला वाचता येतं असा माझा समज होता.

बैठक रविवारी आहे. खरं सांगितलं तर तुम्ही सुटता आणि पुष्पा अडकते. नाही सांगितलं तर पुष्पा सुटते आणि तुम्ही जाता. सासूबाई म्हणतात, गप्प राहा, त्यानं मान दिलीच आहे. मला रात्रभर झोप नाही. यांना अजून काही सांगितलेलं नाही.

अनुसया


राजेगाव
२७ मार्च १९६२

चि. प्रेमलाल भाऊजींना वहिनीचा मनापासून आशीर्वाद. हा लिहायची रीत आहे म्हणून नाही.

बैठक झाली. अंगणात सगळे पुरुष, ओट्यावर बायका. हे मधोमध मान खाली घालून. एक म्हातारा म्हणाला, "बोल डोमाजी, त्याचं नाव तोडलं म्हण." मी पुष्पाला सासूबाईंकडे दिलं आणि ओट्यावरून खाली उतरले. पुरुषांच्या बैठकीत बाई उतरली म्हणून आधी त्याचीच कुजबुज झाली.

मी म्हटलं, "कोणाचं नाव तोडू नोका. आग मी लावली."

मग त्यांना समजेल अशी कहाणी सांगितली. बाराव्याची आंघोळ झाल्यावर पहिल्यांदा चुलीशी गेले. किती दिवस सोयर होतं, हात सवयीतून गेला होता. चुलीतली राख काढली आणि न बघता खळ्यावरच्या भुशाशी ओतली. आत निखारा राहिला असणार. प्रेमलाल गेला त्या दिवशी तो वर आला. माझ्या ध्यानात आलं ते परवा होळीची राख काढताना. शेगडीचं नाव घेतलं नाही. बाळंतिणीची खोली नाही, पोरगी नाही, तुमची माय नाही. एका अनुसयेची एका चुलीची राख.

कोणी म्हणालं, "सातवी शिकेल बाई आन् राख टाकता येत नाही!" सगळे हसले. हसू दिलं. मास्तरीण म्हणून मिरवते, चूल सांभाळता येत नाही, हे आता माझ्या मरणापर्यंत चालेल. विमलाबाई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे आणि मग सासूबाईंच्या पट्टी बांधलेल्या हातांकडे कितीतरी वेळ बघत होती. तिला काहीतरी कळलं आहे, असा मला संशय आहे. मी पण तिच्याकडे तशीच बघत राहिले. शेवटी तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "होते असं. माह्या हातूनबी झालं असतं." ती असं का म्हणाली, हे मी अजून शोधते आहे.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा म्हटलं, एक खोटं कबूल केलंच आहे तर एक खरंही करून टाकू. सांगितलं, प्रेमलालचा रेल्वेचा अर्ज मी लिहिला होता. यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाले, "म्हणूनच लागली त्याले नोकरी. अक्षर चांगलं हाय तुहं." आणि भाकर मागितली.

शेगडीचं यांनाही सांगितलेलं नाही. ते आता तुम्हाला, मला आणि तुमच्या मायला ठाऊक. त्या मला रोज म्हणतात, "तू काहून घेतलं वो अंगावर?" मी म्हणते, तुमच्याकडूनच शिकले, फक्त मी माझं स्वतःचं नाव दिलं. मी हे बोलायला नको होतं, पण बोलते. माझा स्वभाव तुमच्या साहेबाला ठाऊकच आहे.

एक शेवटचं विचारते. त्या पहाटे खळ्याच्या वाटेनं गेलात तेव्हा भुशातून धूर दिसला नव्हता ना? रागात होतात, दिसला आणि तसेच पुढे गेलात, असं तर नाही ना? आज सकाळी कण्या पाखडताना हे माझ्या मनात आलं. बघा, मी अशी आहे. याचं उत्तर देऊ नका. दिलंत तरी मी विश्वास ठेवीनच असं नाही, आणि न देताही मी तुम्हाला जेवायला वाढीन.

हे पत्र वाचून झालं की तुमच्या इंजिनाच्या आगीत टाका. आधीची पाचही टाका. आणि दाबून ठेवलेल्या आगीत नको, भडकलेल्यात टाका, पुरतं जळू द्या.

अक्षयतृतीयेला बियाणं काढायचं आहे. लामत्याहून उसनं आणलं आहे, पण पहिली मूठ घरातल्या दोन्ही पुरुषांनी टाकायची, असं यांनी स्वतः म्हटलं. रजा मिळते का बघा. टोपी आढ्यावरून काढून पोरीच्या डोक्याला लावून बघितली. बसत नाही, डोकं मोठं झालं. येताना मोठी आणा.

तुमची वहिनी,
अनुसया